दोन संगणक आणि एकच पत्ता

(बचत गटांसाठीच्या सामुदायिक रेडिओ कार्यक्रमात केलेलं भाषण)

स्वयंपाक उरकला असेल तर निवांत बसून ऐका, नसेल उरकला तर भाकरी थापता थापता ऐका. आज मी हप्त्याबद्दल बोलणार नाही, हिशेबाबद्दलही नाही. आज संगणकाबद्दल बोलायचं आहे. पण लगेच रेडिओ बंद करू नका. कारण गोष्ट संगणकाची असली तरी तिची सुरुवात दोन जावांच्या भांडणापासून आहे.

आमच्याकडच्या एका गटात दोघी सख्ख्या जावा आहेत. गटातून कर्ज काढून त्यांनी घरच्या पडवीत फॉर्म भरून देण्याचं काम सुरू केलं. पीक विमा, शिष्यवृत्ती, दाखल्यांचे अर्ज, झेरॉक्स, प्रिंट. एक संगणक नवा घेतला. दुसरा जुना, तालुक्याच्या गावी एका ऑफिसनं बदलून टाकलेला, स्वस्तात मिळाला. एक प्रिंटर आणला. आणि नेटसाठी वायफायचा डबा, ज्याला राउटर म्हणतात. धाकटीचं टायपिंग झालेलं, म्हणून नवा संगणक तिच्याकडे. जुना थोरलीकडे. काम छान चाललं होतं.

मग जूनमध्ये एका रात्री वादळ झालं, लाईट गेली, सकाळी आली. त्या दिवसापासून थोरलीचं नेट बंद पडायला लागलं. रोज नाही, पण बहुतेक दिवशी. धाकटीचं मात्र व्यवस्थित चालू. एकाच घरात, एकाच डब्यावर. आता तुम्हीच सांगा, थोरलीच्या मनात काय येईल? ती म्हणाली, “ही बसली की माझं बंद पडतं. हिनंच काहीतरी करून ठेवलंय.” धाकटी म्हणाली, “अक्का, तुमचा संगणकच जुनाट आहे, त्याला मी काय करू?” सासूबाई मध्ये पडल्या, ते आणखीच वाढलं.

त्यात पीक विम्याची मुदत जवळ आलेली. दारात माणसं सातबारा घेऊन उभी, आणि दोन संगणकांपैकी एकच चालू. संगणक दुरुस्त करणाऱ्या एकाला बोलावलं. त्यानं न उघडताच सांगितलं, नेटचं कार्ड गेलंय, नवं टाकावं लागेल. पैसे ऐकून घरातले म्हणाले, बंद करा हे, विका तो डबा. आणि गटाच्या बैठकीत थोरली सगळ्यांसमोर म्हणाली, “माझं वेगळं करून द्या. वेगळं नेट, वेगळी खोली. मला हिच्यासोबत बसायचं नाही.” कर्ज दोघींच्या नावावर, हप्ता चालू. म्हणून गोष्ट माझ्यापर्यंत आली.

मी काही इंजिनियर नाही. पण गटात काही अडलं की आपण पहिलं काय करतो? वही काढतो. मी दोघींना म्हटलं, चार दिवस भांडू नका, फक्त लिहा. रोज आधी कोणाचा संगणक चालू झाला, आणि कोणाचं नेट गेलं. एवढंच.

चार दिवसांनी वही बघितली. तीन दिवस धाकटी आधी बसली होती, आणि तिन्ही दिवशी थोरलीचं नेट बंद. एक दिवस धाकटी बँकेत गेलेली, थोरली आधी बसली होती. त्या दिवशी दोघींचंही नेट दिवसभर चालू. म्हणजे जुना संगणक बिघडलेला नव्हता. बिघडलेला असता तर चौथ्या दिवशी कसा चालला असता? कार्डही गेलेलं नव्हतं. आणि धाकटीनं मुद्दाम काही केलं असतं, तर थोरली आधी बसल्यावर ते थांबायचं कारण नव्हतं. भांडण होतं ते जागेचं. आधी येईल तो बसेल, नंतरचा उभा.

थोरलीच्या पडद्यावर कोपऱ्यात एक छोटी इंग्रजी चौकट येऊन जायची. तिनं ती कधी वाचली नव्हती, कारण ती लगेच जायची. मी म्हटलं, मोबाईलवर फोटो काढा. फोटोत शब्द होते ‘आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट’. म्हणजे पत्त्याचा झगडा. या जाळ्यावरचा दुसरा एक संगणक हाच पत्ता वापरतोय, असं तो संगणक बिचारा रोज सांगत होता.

आता हा पत्ता म्हणजे काय, ते समजून घेऊ. एका डब्याला जोडलेला प्रत्येक संगणक, प्रत्येक मोबाईल, प्रिंटर, कॅमेरा, टीव्ही, यांना एकेक नंबर असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. त्यात चार आकडे असतात, मध्ये टिंब. प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या मधला. उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. घरच्या जाळ्यात बहुतेक वेळा पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे असतात, गावाच्या नावासारखे. शेवटचा आकडा ज्याचा त्याचा, घर नंबरासारखा.

तुम्ही म्हणाल, शेजारणीच्या घरीही वायफाय आहे, तिच्याकडेही १९२.१६८.१.५ असेल, मग तिचं आमचं भांडण का होत नाही? बरोबर प्रश्न आहे. घर नंबर ५ आपल्या गावात असतो, पलीकडच्या गावातही असतो. पोस्टमन गोंधळत नाही, कारण गाव वेगळं, पिनकोड वेगळा. तसंच हे. या पद्धतीचे पत्ते सगळ्या जगात मिळून साधारण ४२९ कोटीच होतात, ते सगळ्यांना पुरणारे नाहीत. म्हणून १९२.१६८ नं सुरू होणारे नंबर घरातल्या घरात वापरायला राखून ठेवले आहेत. लाखो घरांत तेच नंबर आहेत, पण प्रत्येकाचं घर वेगळं. झगडा होतो तो एकाच घरात दोघांचा नंबर एक झाला तर. एकाच गावात दोन घरांना ५ नंबर दिला, तर एकाची पत्रं दुसऱ्याकडे जातील आणि पोस्टमन वैतागेल, तसं.

मग हे नंबर वाटतं कोण? आपल्या गटात सभासदांना क्रमांक कोण देतं? सचिव देते, आणि रजिस्टरात लिहिते. कोणाचा कोणता क्रमांक हे तिला माहीत असतं, म्हणून एक क्रमांक दोघींना जात नाही. घरच्या जाळ्यात हे काम राउटर करतो. संगणक चालू झाला की तो राउटरला विचारतो, मला नंबर दे. राउटर रजिस्टर बघतो, मोकळा नंबर देतो, आणि लिहून ठेवतो. नंबर काही काळासाठीच असतो, मुदत संपत आली की संगणक परत मागून घेतो. या वाटपाच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता त्या दोघींच्या घरात काय झालं होतं? जुना संगणक ऑफिसातून आला होता. त्या ऑफिसात कोणीतरी त्याला हातानं नंबर लिहून दिला होता, १९२.१६८.१.५. ऑफिसात तो चालला. पण घरी आल्यावरही तो राउटरला न विचारताच ५ नंबरावर बसायचा. राउटरच्या रजिस्टरात त्याची नोंदच नाही. राउटर समजायचा, ५ मोकळा आहे. आधी काही दिवस त्यानं ५ कोणाला दिला नाही, म्हणून निभावलं. वादळात लाईट गेली, राउटर बंद पडून परत चालू झाला. लाईट गेली की बरेच डबे आपलं रजिस्टर विसरतात. सकाळी त्यानं नव्यानं नंबर वाटले. घरातल्या मोबाईलांना आधीचे गेले, आणि ५ नंबर गेला धाकटीच्या संगणकाला. तेव्हापासून धाकटी आधी बसली की ५ नंबर तिचा, आणि मागून येणारा थोरलीचा संगणक आपली जागा भरलेली बघून नेट सोडून द्यायचा. थोरली आधी बसली, तर धाकटीचा संगणक बघायचा की ५ वर कोणीतरी आहे, मग तो राउटरकडून दुसरा नंबर मागून घ्यायचा. म्हणून त्या दिवशी दोघींचं चालायचं.

चूक कोणाचीच नव्हती, धाकटीची नाही की थोरलीची नाही. एका संगणकानं नंबर सचिवाला न विचारता घेतलेला होता, एवढंच.

आता दुरुस्ती सांगते. वही-पेन घ्या. घरी, ग्रामसंघाच्या ऑफिसात, कुठेही दोन-तीन यंत्रं एका डब्यावर असतील तर उपयोगी पडेल.

पहिली पायरी, सगळ्यात सोपी. सगळे संगणक, प्रिंटर बंद करा. राउटरचंही बटण बंद करा. मिनिटभर थांबा. आधी राउटर चालू करा, दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, त्याचे दिवे नीट लागू द्या. मग एकेक यंत्र चालू करा. लाईट गेल्यामुळे रजिस्टर विसरून झालेला गोंधळ पुष्कळदा एवढ्यानंच मिटतो. पण हातानं नंबर लिहिलेला असेल, तर यानं कायमचं काम होत नाही. आज मिटेल, परवा पुन्हा होईल. तसं झालं तर पुढे चला.

दुसरी पायरी, प्रत्येक संगणकाचा नंबर बघणं. कीबोर्डवर खाली खिडकीच्या चित्राचं बटण असतं. ते दाबून ठेवा आणि आर दाबा. छोटी चौकट येईल. तिच्यात सी, एम, डी ही तीन अक्षरं टाईप करा, एंटर दाबा. काळा पडदा येईल. घाबरू नका, काही बिघडत नाही. तिथे टाईप करा: आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी. मध्ये जागा नाही. एंटर. बऱ्याच ओळी येतील. त्यात ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ असं लिहिलेली ओळ शोधा. तिच्यासमोरचा नंबर वहीत लिहा. त्याच्या खाली ‘डिफॉल्ट गेटवे’ अशी ओळ असते, तिथला नंबर राउटरचा. तोही लिहा. दोन्ही संगणकांवर हे करा.

इथे एक खूण सांगते. नंबर १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर समजा त्या संगणकाला राउटरचा पत्ता मिळालेला नाही, त्यानं स्वतःच तात्पुरता घेतलाय. थोरलीच्या संगणकावर हेच दिसत होतं, आणि धाकटीच्या संगणकावर १९२.१६८.१.५.

तिसरी पायरी, खरी दुरुस्ती. सेटिंग्ज उघडा. नेटवर्क अँड इंटरनेट. तिथे वायर लावलेली असेल तर इथरनेट, नाहीतर वायफाय, आणि आपल्या जाळ्याचं नाव. आत ‘आयपी असाइनमेंट’ अशी ओळ आहे. तिथे मॅन्युअल लिहिलं असेल तर पत्ता हातानं लिहिलेला आहे. बदलायच्या आधी त्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, काही चुकलं तर मागे जाता येतं. मग एडिटवर दाबून ‘ऑटोमॅटिक डीएचसीपी’ निवडा आणि सेव्ह करा. काही संगणकांत खाली डीएनएसची वेगळी ओळ असते, तीही ऑटोमॅटिक करा. थोरलीच्या संगणकावर आम्ही एवढंच केलं. त्याला लगेच ७ नंबर मिळाला. दोघींचं नेट चालू. चहा ठेवायला लागतो तेवढाच वेळ लागला.

ऑटोमॅटिक असूनही नंबर अडकला असेल, तर त्याच काळ्या पडद्यावर आयपीकॉन्फिग लिहा, एक जागा सोडा, प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरपी रेघ टाका, आणि लगेच आर, ई, एल, ई, ए, एस, ई. एंटर. म्हणजे संगणक जुना नंबर सोडून देतो. मग तसंच लिहून शेवटी आर, ई, एन, ई, डब्ल्यू. म्हणजे नवा मागून घेतो.

मोबाईलमध्येही हा घोळ होऊ शकतो. वायफायच्या नावावर दाबून आत गेलं की ‘आयपी सेटिंग्ज’ असतं. तिथे स्टॅटिक असेल तर डीएचसीपी करा.

दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात.

एक, प्रिंटर. वायफायवरचा प्रिंटर पडद्यावर चौकट दाखवून तक्रार करत नाही, नुसता गप्प बसतो, आणि संगणक म्हणतो, ऑफलाइन. संगणक पुष्कळदा प्रिंटरला त्याच्या नंबरावरून ओळखतो. नंबर बदलला की ओळख मोडते. म्हणून प्रिंटरचा नंबर कायमचा असणं सोयीचं. पण तो प्रिंटरमध्ये हातानं लिहू नका, सचिवाकडून लिहून घ्या. म्हणजे राउटरमध्ये. संगणकावर क्रोमसारखं ब्राउझर उघडून वरच्या पट्टीत राउटरचा नंबर टाका. पासवर्ड बहुतेक वेळा डब्याच्या मागच्या चिकटपट्टीवर असतो. आत डीएचसीपीच्या पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा त्यासारखा पर्याय सापडतो. तिथे प्रिंटर निवडून त्याला एक नंबर राखून द्या. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक बारा अक्षरी ओळख मिळालेली असते, तिला मॅक ॲड्रेस म्हणतात. राउटर त्या ओळखीवरून तोच नंबर रोज त्याच यंत्राला देतो, दुसऱ्याला देत नाही. हातानंच नंबर द्यायची वेळ आली, तर राउटर कुठपासून कुठपर्यंत वाटतो ते त्याच पानावर बघा. तो १०० ते २०० वाटत असेल तर तुम्ही ५० घ्या. त्याच्या वाटपात हात घालू नका. आणि त्या पानावर बाकी कशाला हात लावू नका.

दुसरी गोष्ट, दोन राउटर. घर मोठं असलं की मागच्या खोलीत नेट पोचत नाही, म्हणून आपण दुसरा डबा आणतो आणि पहिल्यातून वायर काढून दुसऱ्यात खोचतो. आता एका गटाला दोन सचिव झाल्या. दोघींची रजिस्टरं वेगळी, आणि दोघी क्रमांक वाटतायत. एकाच जाळ्यात दोघांनीही ५ नंबर दिला की झालंच. शिवाय दोन्ही डब्यांचा स्वतःचा नंबरही सारखाच असू शकतो. उपाय असा की नंबर एकानंच वाटायचे. दुसऱ्या डब्यात ‘ॲक्सेस पॉइंट’ असा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर त्याचा स्वतःचा नंबर बदला, पहिल्याचा शेवटचा आकडा १ असेल तर याचा मोकळा असलेला २ करा, आणि त्याचं डीएचसीपी बंद करा. मग तो फक्त वायफाय लांबवर पोचवेल. हे काम नेट जोडून देणाऱ्या माणसाकडून करून घेतलं तरी चालेल. पण त्याला काय करायचं ते तुम्ही सांगा. “नंबर एकाच डब्यानं वाटायला पाहिजेत,” एवढं वाक्य बोललात, तरी तो तुम्हाला काहीही सांगून पैसे घेणार नाही.

आणि एक सावधानता. पत्त्याचा झगडा म्हणजे व्हायरस नाही, हॅकिंग नाही, कोणी चोरी केलेली नाही. तुम्हाला फोन आला की तुमचा आयपी हॅक झालाय, हे ॲप टाका, आम्ही लांबून दुरुस्त करतो, तर फोन ठेवा. तुमच्या संगणकावर लोकांचे आधार, बँकेचे कागद असतात. अनोळखी माणसाच्या हाती तो द्यायचा नाही. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करायचा.

शेवटी आम्ही त्या घरात एक काम केलं. गटाचं रजिस्टर असतं तसं डब्याचं केलं. एका जाड कागदावर तीन रकाने आखले. यंत्र, नंबर, आणि तो राखून दिलाय की आपोआप मिळतो. दोन्ही संगणक, प्रिंटर, सासऱ्यांच्या खोलीतला टीव्ही, घरातले मोबाईल. कागद राउटरच्या शेजारी भिंतीला चिकटवला. नवं यंत्र आलं की आधी कागदावर नोंद. हा कागद थोरलीनं स्वतःच्या अक्षरात लिहिलाय. ती सातवीपर्यंत शिकलेली आहे, आणि आता आजूबाजूच्या दोन गटांत कोणाचं नेट अडलं की तिलाच बोलावणं येतं.

वेगळी खोली, वेगळं नेट हा विषय पुन्हा निघाला नाही. पण एक सांगते. नेट चालू झालं त्या संध्याकाळी दोघी एकमेकींशी काही बोलल्या नाहीत. दीड महिना जे बोललं गेलं होतं, ते एका सेटिंगनं पुसलं जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी आधी उठून पडवीत आली, पण तिनं स्वतःचा संगणक लावला नाही. आधी थोरलीचा लावला, नेट आलंय का बघितलं, आणि हाक मारली, “अक्का, या, तुमचं चालू आहे.” पीक विम्याची मुदत संपायच्या आत दोघींनी मिळून दारातली सगळी माणसं उरकली.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एक काम करा. तुमच्या घरी किंवा गटाच्या ऑफिसात एका डब्यावर काय काय जोडलंय, त्याची यादी एका कागदावर लिहा. नंबर बघता आले तर नंबरही लिहा, नाही आले तर नुसती नावं. आणि संगणकावर इंग्रजी चौकट आली, तर ती जायच्या आत फोटो काढा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. आपण बसून वाचू.